पहिलीच्या मुलांच्या हातात सुई देणाऱ्या आजींना

आदरणीय आजी,
सा. न. वि. वि.

शाळेत तुमचा सत्कार करायचं ठरलं, तेव्हा तुम्ही शाल-श्रीफळाला साफ नकार दिलात. "टाके पोरांनी घातलेत, नारळ त्यांना द्या," म्हणालात. कापडाचे पैसेही घेतले नाहीत. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. नातवाकडून वाचून घ्या. पण ते इतरांनीही वाचावं असं मला मनापासून वाटतं, विशेषतः लहान वर्गांना शिकवणाऱ्यांनी. तुम्ही शिवणकामातून वेळ काढून आमच्या पहिलीच्या मुलांकडून, त्यांच्याच हातांनी, आईसाठी बटवे शिवून घेतलेत. हे कुठल्याही शाळेत होऊ शकतं, आणि तरी ते क्वचितच होतं.

एरवी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. कार्यानुभवाच्या तासाला आईसाठी भेटवस्तू करायची म्हटलं की कापणार बाई, चिकटवणार घरची ताई, आणि मूल शेवटी टिकली लावून खाली नाव लिहिणार. वस्तू सुबक होते, आई कौतुक करते, फोटो निघतो. पण त्यात मुलाचा हात किती? तुम्ही पहिल्याच दिवशी वर्गाच्या दारात उभं राहून अट घातलीत: "एकदा पोरानं घातलेला टाका कुणी उसवायचा नाही. बाई, तुम्ही पण नाही." आज तुमचे आभार मानायचे आहेत ते सगळ्यात आधी या अटीसाठी.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी सगळीकडे मदर्स डे साजरा होतो, पण तेव्हा आमच्या शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. आपला मातृदिन श्रावणातल्या अमावास्येला, पिठोरीला. 2025ची पिठोरी 22 ऑगस्टला आली. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्याच दिवशी पोळा, म्हणजे तुमच्याकडे बैलांच्या झुली शिवायची झुंबड. त्या गर्दीतून दुपारी मशीन बंद करून तुम्ही शाळेत येत होतात. झुलींचं काम मग रात्री उशिरापर्यंत चालायचं, हे मला तुमच्या शेजारच्यांकडून कळलं. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत.

बटवा करायचं तुम्हीच सुचवलंत. आईला सुटे पैसे, किल्ली, बसचं तिकीट ठेवायला उपयोगी पडेल असा. पालकांनी रेशमाचे, जरीचे सुंदर तुकडे पाठवले होते. पैठणीच्या येवला तालुक्यात त्यांना काय तोटा! तुम्ही ते प्रेमानं परत केलेत. रेशीम निसटतं, लहान हातात ठरत नाही. ब्लाउजच्या रुबिया कापडाची वीण इतकी घट्ट की बोथट सुई आत शिरत नाही. त्यापेक्षा भरतकामाची मॅटी बरी: वीण जाड, भोकं डोळ्यांना दिसणारी, सुई कुठून घालायची ते मुलाला विचारावं लागत नाही. मॅटीचे धागे मात्र लगेच सुटतात, म्हणून कडांना तुम्ही घरूनच मशीनची टीप मारून आणलीत, आणि बटणांची काजंही करून आणलीत. मोठ्या माणसाचा हात लागला तो एवढाच. मदत करायची ती आधी, मुलाचं काम सुरू झालं की हात मागे. ही रीत मी आता गणिताच्या तासालाही पाळते.

सुया मोठ्या नेढ्याच्या आणि बोथट टोकाच्या. प्रत्येक सुई उशीत टोचलेली, आणि तास संपला की तुम्ही स्वतः मोजून घ्यायचात. जमिनीवर सुई ठेवायची नाही, तोंडात धरायची नाही, सुई हातात घेऊन उठायचं नाही. हे तीन नियम मुलं आजही एकमेकांना दरडावून सांगतात. दोरा किती घ्यायचा? बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत दुहेरी, त्याहून लांब नाही. लांब दोरा गुंततो, गुंता झाला की मूल रडतं, आणि मग बाई सोडवत बसतात. दोऱ्याला आधी मेण लावायचं, म्हणजे तो पिळत नाही. दोन्ही टोकांना मिळून एकच गाठ, म्हणजे ओढताना सुई निसटत नाही. या बारीकसारीक गोष्टी कुठल्या पुस्तकात असतील तर असोत, मला त्या तुमच्या हातांकडे बघून कळल्या.

आणि पाट! तुम्ही घराघरातून पाट मागवलेत तेव्हा मला कारण कळलं नव्हतं. पहिल्या दिवशी पाट कमी पडले, काही मुलं मांडीवरच कापड घेऊन बसली आणि एकानं बटवा थेट स्वतःच्या चड्डीला शिवला. उठायला गेला तर बटवा लटकलेला! वर्ग हसला, तोही हसला, आणि तुम्ही कात्रीनं तो एक दोरा कापून त्याला पुन्हा पाटासमोर बसवलंत. बटण लावताना आत जुन्या वहीचा पुठ्ठा सरकवायची युक्तीही तुमचीच. नाहीतर पुढचं बटण मागच्या कापडालाही शिवलं जातं आणि बटव्याचं तोंड कायमचं बंद.

वर्गात एक मुलगी डावखुरी आहे. घरी तिला उजव्या हाताचा आग्रह होतो. आम्ही दाखवलेला टाका ती करू बघायची आणि तिची सुई नेमकी उलट्या दिशेनं जायची. तुम्ही काही न बोलता उठलात आणि तिच्यासमोर, तोंडाला तोंड करून बसलात. "माझ्याकडं बघ आणि आरशात बघतेस असं कर." तुमचा उजवा हात, तिचा डावा. धावदोरा सरळ चालू लागला. तिला हात बदलायला कुणी सांगितलं नाही, तुम्हीच जागा बदललीत. त्या दिवशी ती घरी जाताना मला सांगून गेली, "बाई, माझा हात बरोबर आहे."

अध्यापक विद्यालयात असताना बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावरची उत्तरं मी पाठ करून लिहिली होती. 1945 साली बोर्डीला त्यांनी सुरू केलेलं ग्राम बाल शिक्षा केंद्र, परिसरात मिळेल त्या वस्तूंतून घडवलेली शिकवण्याची साधनं, सगळं परीक्षेपुरतं. त्या म्हणत होत्या ते काय, हे तुमच्या चिंध्यांच्या गाठोड्यापुढे बसलेली मुलं बघताना उमगलं. सुई धरणारी बोटं तीच, जी पेन्सिल धरतात. एरवी पाच मिनिटं एका जागी न बसणारा मुलगा बटव्याची पूर्ण एक बाजू शिवून होईपर्यंत उठला नाही, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तेव्हा "थांबा ना" म्हणाला.

एका पालकांनी विचारलं, मुलग्यांना कशाला शिवणकाम? विचारताना त्यांचा सूर चांगला नव्हता. तुम्ही शांतपणे म्हणालात, "नामदेव महाराज कोण होते? शिंपीच ना?" त्यापुढे त्यांना काही बोलता आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाबरोबर घरातला पाट पाठवला.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची ऋणी आहे. आमच्या वर्गातल्या एका मुलीला आई नाही. तो विषय कसा काढावा या काळजीत मी होते. तुम्ही तिला सगळ्यांसारखंच कापड दिलंत आणि शिवता शिवता सहज विचारलंत, "तुझी वेणी कोण घालतं गं?" "बाबा." "मग बाबांना रिबिनी ठेवायला होईल हा." ती मान खाली घालून शिवत राहिली, आणि तिनं बटण लाल निवडलं, रिबिनींच्या रंगाचं. तिचे बाबा आले तेव्हा त्यांना नीट बोलताही येईना. मी तेव्हा तुम्हाला शोधत होते, पण तुम्ही झुली द्यायला निघून गेला होतात.

बाकीचा कार्यक्रमही तुमचा चुकला, म्हणून सांगते. पोळ्याच्या गडबडीत कुणाला यायला जमलं नसतं, तेव्हा आदल्या दिवशी दुपारी आयांना बोलावलं. पिठोरीला आई वाण डोक्यावरून मागे धरून "अतीत कोण?" म्हणजे पाहुणा कोण असं विचारते आणि मूल आपलं नाव सांगून ते घेतं. आम्ही त्या दिवशी ते उलटं केलं. मुलांनी आयांच्या मागे उभं राहून विचारलं, "अतीत कोण?" आणि आयांनी आपापली नावं सांगितली. कितीतरी मुलांनी आईचं नाव तिच्या तोंडून असं मोठ्यानं पहिल्यांदा ऐकलं असेल. मग खांद्यावरून पुढे बटवे आले. कुणाचा तिरका, कुणाच्या टाक्यांत बोटभर अंतर, एकाचं बटण काजापासून कोसभर लांब. एकाही आईनं "हे कुणी करून दिलं?" असं विचारलं नाही. बघताच कळत होतं.

आपल्या वर्गातल्या एका मुलाची आई घरी पैठणीच्या मागासाठी दोऱ्याच्या कांड्या भरते. तिनं बटवा आधी उलटा करून पाहिला. धाग्यात हयात घालवणारं माणूस मागची बाजू आधी बघतं. पैठणीच्या काठा-पदराची वीण दोन्हीकडून सारखी दिसते, आणि मुलानं तिला ऐटीत सांगितलं, "धावदोरापण दोन्हीकडून सारखाच दिसतो. आजींनी सांगितलंय." तिनं टाक्यांवरून अंगठा फिरवला, एका जागी थांबली आणि म्हणाली, "इथं दोरा संपला होता ना तुझा? गाठ चांगली मारलीस." त्याला मार्कांची शाबासकी रोज मिळते. पण आपण नेमकं काय केलं हे ओळखून कुणी शाबासकी दिली की मूल कसं ताठ उभं राहतं, ते मी पाहिलं. तुमची ती अट नसती तर ती गाठ माझी असती, आणि त्या माऊलीला मुलाचं काय ओळखायला मिळालं असतं?

आजी, तुमचा वेळ, तुमची मॅटी, तुमची रात्रीची झोप, सगळ्याबद्दल मनापासून आभार. त्याहून मोठे आभार मुलांवर टाकलेल्या विश्वासाबद्दल. सहा वर्षांच्या मुलाला खरं काम द्यावं, खऱ्या सुईनं, आणि ते जसं होईल तसं घ्यावं, हे तुम्ही आमच्या सगळ्या शाळेला दाखवलंत. दुसरीच्या बाई आत्ताच विचारायला लागल्या आहेत की त्यांच्याकडे कधी येणार. मी त्यांना सांगितलंय, आधी आमचा नंबर.

कारण मुलांना आता काज शिकायचंय. या वेळी काजं तुम्ही करून आणली होतीत, ते त्यांच्या लक्षात आहे आणि ते त्यांना मान्य नाही. सुया डब्यात मोजून ठेवल्या आहेत, एकही कमी नाही. मेणाचा तुकडा संपत आलाय, तो मी बाजारातून आणते. दिवाळीची सुट्टी संपली की तुमची लग्नसराईची ब्लाउजं सुरू होतील, त्याआधी एखादी दुपार मोकळी असेल तर नातवाबरोबर निरोप पाठवा. पाट गोळा करून ठेवते.

आपली नम्र,
पहिलीच्या बाई