तळमजल्यावरच्या काकांना, बॉयलरबद्दल

काका, सा. न. वि. वि.

परवा जिन्यात भेटलात तेव्हा मी घाईत "थँक्यू हं" म्हटलं आणि तुम्ही हात हलवून मासळी बघायला निघून गेलात. तेवढ्यावर भागणारं हे काम नव्हतं. म्हणून चारचौघांत लिहिते आहे. माझा गाढवपणाही त्यात येणारच, येऊ दे.

आधी तोच सांगून टाकते. आमच्या एस्प्रेसो मशीनची वाफ मंदावली होती, दूध फेसाळता फेसाळेना, कॉफीची धार करंगळीएवढीही पडेना. आतल्या बॉयलरला क्षार धरले हे कळत होतं. आंबट काहीतरी घालायचं एवढंच ठाऊक, आणि घरात होतं माडाच्या सुरेचं व्हिनेगर. अर्धी बाटली मशीनच्या टाकीत ओतली! क्षार किती गेले देव जाणे, पण पुढचा आठवडाभर कॉफीला विंदालूचा वास. तुम्ही जिन्यातूनच विचारलंत, "सोरपोतेल शिजतंय काय गो?" डुकराच्या त्या तिखट रश्श्यातही व्हिनेगरच पडतं ना!

जन्मभर जहाजाच्या इंजिनरूममध्ये काढलेल्या माणसाला आमचं ते अर्ध्या लिटरचं पितळी बॉयलर म्हणजे भातुकलीच. तरी तुम्ही हसला नाहीत. मी पाना शोधायला लागले तर म्हणालात, "मात्शें रांव," म्हणजे जरा थांब. मशीनला हातही न लावता आमची किटली मागितलीत, तळाचा पांढरा पापुद्रा नखाने काढलात. मग दुपारच्या जेवणातला तिसऱ्याचा एक शिंपला घेतलात. दोन वाट्यांत सायट्रिक ॲसिडचं पाणी, एकीत पापुद्रा, दुसरीत शिंपला. दोन्हीकडे बुडबुडे. "बघ, जात एकच," म्हणालात.

त्या दोन वाट्यांनी मला जे कळलं ते शाळेत कधी कळलं नव्हतं. ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून येणारं नळाचं पाणी कमी पडलं की आपली सोसायटी बोअरवेल चालू करते. त्या पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी. शिंपल्यात असते तीच. जिथे उष्णता जास्त तिथे ती आधी बसते, म्हणून हीटरच्या कॉइलवर सगळ्यात जाड थर. मग कॉइलची उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि कॉइल स्वतःच जळते.

पुढचं तुम्ही माझ्याकडूनच करून घेतलंत. एक लिटर पाण्याला 25 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, कणही न राहता विरघळवून. कॉफी पडते तिथली जाळी आधी काढून ठेवायची. थोडं पाणी तिथून, थोडं वाफेच्या नळीतून सोडायचं, मशीन बंद करून वीस मिनिटं थांबायचं, मग पुन्हा. दुसऱ्या खेपेला पाणी किंचित निळसर आलं. मला वाटलं, वा, अजून मळ निघतोय, आणखी एक खेप करू. तुम्ही माझा हात धरलात. "तो मळ नव्हे गो, तुझ्या पितळेतलं तांबं जातंय." मग साध्या पाण्याच्या तीन टाक्या, शेवटचं पाणी जिभेला आंबट लागेना तोवर.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन ठप्प. पंप घरघरतोय, खाली थेंब नाही. खरं सांगते, त्या क्षणी मी तुम्हाला मनातल्या मनात बरंच काही बोलले. माफ करा. तुम्ही नुसत्या बनियनवर वर आलात आणि पहिला प्रश्न, "प्लग काढलास?" काढला नव्हता. प्लग काढून, वाफेची कळ उघडून दाब सोडून, बॉयलर गार होईपर्यंत मला बसवून ठेवलंत. मग सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडबंद होणारी पाण्याची झडप, खोललात. आत तिळाएवढा चुन्याचा खडा! बॉयलरमधून सुटलेला पापुद्रा वाहत येऊन नेमका त्या बारीक भोकात अडकलेला. मी आदल्या दिवशी एकटीने हे केलं असतं तर मशीन भंगारात गेलं असतं, कदाचित गरम बॉयलर खोलताना माझा हातही.

यापुढे फक्त आरओचं पाणी घालणार, अशी प्रतिज्ञा मी केली तेव्हाही तुम्ही अडवलंत. काही मशीनच्या बॉयलरमध्ये पाण्याची पातळी विजेच्या सळीने कळते. पाण्यात क्षारच नसतील तर वीज वाहत नाही, सळीला बॉयलर रिकामं वाटतं आणि पंप पाणी भरतच राहतो. आमच्या मशीनला सळी नाही, पण नुसत्या आरओची कॉफी मिळमिळीत लागते हे मी चाखून पाहिलं. आता निम्मं आरओ, निम्मं नळाचं, आणि बोअर चालू असेल त्या दिवसांत आरओ जास्त.

इतकं करून तुम्ही ती कॉफी एकदाच प्यायलात, अर्धा घोट, आणि कप बाजूला ठेवून म्हणालात, "औषध बरं." तेव्हा आता आग्रह करणार नाही. तुमचा पाना अजून आमच्या ओट्यावर आहे. रविवारी संध्याकाळी तो द्यायला येते. काकूंना म्हणावं, दोन कप चहाचं आधण ठेवा.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची