केसपेपरवर मनासाठीही एक ओळ ठेवा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यात शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी महिन्याचे सतरा-अठरा दिवस माझं डोकं दुखायचं. महिन्यात १५ किंवा जास्त दिवस डोकेदुखी, त्यातले निदान ८ दिवस अर्धशिशीचे आणि हे तीन महिन्यांहून जास्त चाललं, की डॉक्टर त्याला क्रॉनिक मायग्रेन म्हणतात. मला टोपिरामेटच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत दुखणं चार-पाच दिवसांवर आलं.

मग एकदा चौथीच्या वर्गात मी हातात खडू घेऊन उभी, आणि 'खडू' हा शब्दच आठवेना. "ते… फळ्यावर लिहायचं…" पोरं हसली. पुढच्या बाकावरची एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, खडू." मीही हसले. पण पुढे सकाळी उठावंसंच वाटेना, भाकरी थापताना डोळे भरून यायचे. सासूबाई म्हणायच्या, "आता डोकं थांबलंय ना, मग रडायला काय झालं?" खरं तर मलाही तेच कळत नव्हतं.

ते गोळीमुळे होतं, हे मला दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं. शब्द न सुचणं आणि उदासी हे टोपिरामेटचे माहीत असलेले परिणाम आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये फेफऱ्यांवरच्या ११ औषधांबाबत आत्महत्येच्या विचारांचा इशारा दिला, त्यात टोपिरामेटही होतं; ते फेफऱ्यांवरही देतात. आपल्याकडे अर्धशिशीवर दिल्या जाणाऱ्या फ्लुनारिझिननेही नैराश्य येऊ शकतं. माझ्या टोपिरामेटचा डोस कमी केला, शब्द परत आले.

साहेब, गोळ्या बंद करा असं मी म्हणत नाही. त्यांनी मला वर्गात परत उभं केलं, आणि आपल्या मनाने त्या सोडणंही बरं नाही. एवढंच करा: सरकारी ओपीडीत अशी गोळी सुरू करण्याआधी आणि दर फेरीला विचारू द्या, झोप कशी आहे, मन कसं आहे, जीव नकोसा वाटतो का. गोळ्यांसोबत मराठीत एक चिठ्ठी द्या. स्ट्रिपवरची बारीक इंग्रजी अक्षरं, तीही डोकं ठणकत असताना, वाचतं कोण? चिठ्ठीवर टेली-मानस या मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर छापा. ऑक्टोबर २०२२ पासून तो फुकट चालू आहे, पण मला तो कुणी दिला नाही.

यासाठी नवी भरती लागणार नाही. माझ्या केसपेपरवर दर वेळी वजन आणि बीपी लिहिलं जायचं. त्याखालची ओळ कोरीच असायची.

आपली,
एक शिक्षिका