वस्तीची गाडी

क्राइस्टचर्च, न्यूझीलंड,
मार्चअखेर

प्रिय सुषमा,

तुझं पत्र मिळालं. कॅराव्हॅन भाड्याने घेऊन सासू-सासऱ्यांना कोकणात न्यायचं तुझ्या मनात आहे, पण एवढी दगदग त्यांना झेपेल का, अशी घरात सगळ्यांना धाकधूक आहे. म्हणून आई-आबांना घेऊन आम्ही इथे अशाच राहत्या गाडीतून केलेल्या सहलीचं तू विचारलंस. माझं उत्तर आधीच सांगते: ने. आणि का ने म्हणते, ते फोनवर नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायला बसले.

आमची गाडी सहा जणांची, साधारण सात मीटर लांब. ड्रायव्हरच्या डोक्यावरचा पलंग पोरांनी गाडीत शिरल्या शिरल्या बळकावला. मागचं टेबल खाली पाडून त्यावर गाद्या लावल्या की आई-आबांचं अंथरूण तयार. मधल्या टेबलाचं आमचं. दोन शेगड्यांचा गॅस, छोटा फ्रीज, बेसिन आणि एका दाराआड न्हाणी-संडास. गाडी सुरू करण्याआधी गॅसचा कॉक बंद, फ्रीजची कडी लावलेली आणि ओट्यावर एकही भांडं नाही, एवढं बघायचं काम धाकटीकडे होतं. ती खरंच हातात कागद घेऊन एकेक तपासायची.

इथे कॅम्पसाइटबाहेर, मोकळ्या जागी मुक्काम करायचा तर बहुतेक ठिकाणी गाडी स्वयंपूर्ण असावी लागते. माणशी दिवसाला ४ लिटर याप्रमाणे तीन दिवसांचं पाणी, सांडपाण्याची वेगळी टाकी, आणि २०२३च्या कायद्याने संडासही गाडीला पक्का बसवलेलाच हवा. ओट्यापासून दोन हातांवर संडास, हे आईला काही केल्या पटेना. ती कॅम्पसाइटवरचाच वापरायची. रात्री-अपरात्री आबांना उठवून टॉर्च घेऊन दोघं चालत जायची. तुझ्या सासूबाईंचंही तसंच होईल असं धरून चाल आणि रोजचा मुक्काम सोय असलेल्या जागीच ठरव. पाण्याचं मात्र आईने आम्हा सगळ्यांना शिकवलं. तिचं माहेर दुष्काळी माणमधलं, तुला माहीतच आहे. सहा जणांची भांडी ती एका टपात घासायची आणि दुसऱ्या टपात विसळायची. टाकीचा काटा बघून माझा नवरा थक्क व्हायचा.

पण मला तुला आबांबद्दल सांगायचंय. एसटीचे ड्रायव्हर म्हणून गाडी घेऊन कितीतरी रात्री परगावी वस्तीला राहिलेला माणूस तो.

क्राइस्टचर्चला आल्यापासून आबा गप्पच होते. घर मोठं, सगळे आपापल्या खोलीत, आम्ही दोघं दिवसभर कामावर. त्यांना झोप लागायची नाही. पहाटे तीनला उठून खिडकीशी बसलेले असायचे. गाडीत पहिल्याच रात्री, टेकापो तळ्यापाशी, ते गाढ झोपले. त्याआधी त्यांनी काय केलं, सांगू? अंधार पडायच्या आत माझ्या नवऱ्याला गाडी वळवायला लावली, तोंड रस्त्याकडे. दोन दगड शोधून मागच्या चाकांना लावले. मग गाडीभोवती एक फेरी मारून काठीने टायर वाजवून पाहिले. त्यानंतर रोज, प्रत्येक मुक्कामाला, हेच. गाडीला चांगला हँडब्रेक आहे, असं पोरं म्हणाली, तर म्हणाले, "दगड लावायचाच. सकाळी काढायला विसरायचं नाही, एवढंच."

टेकापोच्या आसपासचा मुलूख २०१२पासून काळोख्या आकाशासाठी राखलेला आहे, दिवेसुद्धा मंद आणि झाकलेले. तिथे आबांनी नातवंडांना मृग दाखवला. तो इथे उलटा दिसतो, हरीण पाय वर करून पडल्यागत, आणि व्याध त्याच्याही वर. कराडला दक्षिणेकडे खाली टेकलेला अगस्त्य इथे थेट डोक्यावर. आबा मान वर करून किती वेळ उभे होते. मग सहज म्हणाले, "वस्तीला घड्याळ बंद पडलं तर आम्ही यांच्यावरच पहाटेची गाडी काढायचो."

सुषमा, आपण लहानपणी कितीदा म्हटलं असेल, "आज आबा वस्तीला आहेत." ते कुठे झोपतात, काय पांघरतात, काय जेवतात, हे तेव्हा कुठे आपल्या मनात यायचं? आपल्यासाठी तो फक्त घरी आबा नसल्याचा दिवस असायचा.

नंतरचे दिवस चढउताराचे होते. लिंडिस पास, वानाका, आणि मग हास्ट पास. सदर्न आल्प्स ही इथली डोंगररांग ओलांडणाऱ्या रस्त्यांत ही खिंड सगळ्यात बुटकी, ५६४ मीटर. पण पश्चिमेकडचा उतार चांगलाच आहे. गाडी ऑटोमॅटिक होती, तरी आबांनी डावीकडच्या सीटवरून सांगितलं, "ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा. ब्रेकवर उतरू नका." नवऱ्याने हाताने गिअर खाली घेतला आणि इंजिनच्या जोरावर गाडी हळूहळू उतरवली. आबा समाधानाने खिडकीबाहेर बघायला लागले. पुढे हास्ट नदीवर ७०० मीटरहून लांब एकेरी पूल आहे, मध्ये थांबून समोरच्याला वाट द्यायला जागा केलेल्या. तिथे एका ट्रकवाल्याने आमच्यासाठी थांबून हात केला, तर आबांनीही काच खाली करून हात केला. कुंभार्ली घाटात समोरून येणाऱ्या गाडीला करायचे तसाच.

पूल ओलांडला आणि पाऊस लागला. पश्चिम किनाऱ्याचा पाऊस आपल्या कोयनेच्याच तोडीचा. रस्ता पुढे बंद होईल असं ऐकलं, म्हणून एक अख्खा दिवस आम्ही कॅम्पसाइटवर थांबलो. बाहेर सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्या, आत सहा माणसं, छपरावर पावसाचा मारा, आणि जायला दुसरी खोलीच नाही. आईने पिठलं लावलं. त्याचा वास दरवळला आणि आबा बोलायला लागले. मी त्यांना आयुष्यात इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

कोयनेकडच्या एका वाडीत त्यांची वस्ती असायची. रोज एका घराने भाकरी-कालवण द्यायचं, अशी गावाने पाळी लावलेली. जेवून ते मागच्या लांब सीटवर आडवे व्हायचे, कंडक्टर पुढे, पैशाची पिशवी उशाला घेऊन. पहाटे दुधाचे कॅन, शाळेची पोरं आणि एखादं आजारी माणूस घेऊन गाडी पाटणला निघायची. पोरांनी विचारलं, "आबा, म्हणजे तुमच्याकडेही मोटरहोम होतं?" ते म्हणाले, "होतं की. फक्त सकाळी पन्नास माणसं घरात शिरायची."

मग त्यांनी माझ्या जन्माचं सांगितलं. त्या रात्री ते वस्तीला होते. वाडीत फोन नव्हता. दुसऱ्या दिवशी पाटण स्टँडवर कंट्रोलरने त्यांना बातमी दिली, आणि बदली ड्रायव्हर मिळेपर्यंत ते पुढची फेरी मारून आले. आईच्या हातातलं उलथणं तसंच राहिलं. तिने आयुष्यभर असं धरलं होतं की त्यांना रात्रीच निरोप गेला होता, मुलगी झाली म्हणून ते लगेच आले नाहीत. चाळीस वर्षं एका घरात राहून हे दोघांत कधी निघालंच नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "मग तेव्हाच सांगायचं ना." आबा म्हणाले, "तू विचारलं कुठे?" त्या रात्री टॉर्च घेऊन दोघं गेली, ती पाऊस थांबलेला असल्याने बराच वेळ परत आली नाहीत. पोरं काळजीत पडली, मी मात्र त्यांना शोधायला जाऊ दिलं नाही.

पुढचं सगळं मी भराभर सांगून टाकते. फ्रान्झ जोसेफला हिमनदी ढगात होती, होकिटिकाला समुद्र छान होता, आर्थर्स पासला किआ नावाच्या पोपटाने आमच्या वायपरचं रबर ओढून काढलं. फोटो पाठवतेच आहे.

तुमच्या बेताचं म्हणशील तर महाराष्ट्रात २०२१पासून कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आहे, पण उतरशील तिथे सांडपाणी आणि मैल्याची टाकी कुठे रिकामी करायची, हे गाडी घेण्याआधी मालकाकडून पक्कं करून घे. घाटात दिवसाउजेडी उतर. एका दिवशी फार अंतर कापू नकोस, आणि मधे एक दिवस मुद्दाम कुठेही न जाण्याचा ठेव. सासऱ्यांना पुढच्या सीटवर बसव.

आणि एक काम सांगते. आई-आबा गेल्या आठवड्यात कराडला पोचलेत. आबांना वस्तीच्या गावांची यादी करायची आहे, मी वही देऊन पाठवलंय. पाटणकडे तुझी चक्कर असतेच, तर पुढच्या वेळी त्यांना बरोबर घेऊन जा. फार प्रश्न विचारू नकोस, रस्ता सुरू झाला की ते आपण होऊन बोलतात. जमलं तर फोनवर रेकॉर्ड करून मला पाठव. काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझीच,
शैला