गाडी तुम्हा दोघांसाठी घ्या

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

गाडीचा विषय निघाला की बाबा, तुम्ही एर्टिगाबद्दल भरभरून बोलता आणि आई गप्प होते. तिच्या त्या गप्प होण्यामुळेच पत्र लिहायला बसले. फोनवर तुम्ही दोघं एकदम बोलता, मग मुलांचा आवाज, मग रेंज जाते आणि महत्त्वाचं तेवढं राहून जातं.

बाबा, सात सीटांची गाडी तुम्हाला कशासाठी हवी आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. गणपतीत दादा-वहिनी आणि आम्ही सगळे चिपळूणला आलो की एकाच गाडीतून गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला, पुढे हेदवीला जाता यावं, कुणाला घरी ठेवायची वेळ येऊ नये. तुमचा हा जीव मला कळतो. पण आम्ही येतो गणपतीत आणि मे महिन्यात. बाकीचं सगळं वर्ष ती गाडी तुम्हा दोघांना चालवायची आहे. मंडईत जायचं, बँकेत जायचं, बाबांच्या गुडघ्याच्या व्यायामाला जायचं, मधूनमधून डेरवणच्या रुग्णालयात, आणि आईच्या भजनाला. तेव्हा आमच्या सुट्टीच्या हिशेबाने गाडी घेऊ नका. दादा तर मांडवी एक्स्प्रेसने किंवा जनशताब्दीने येतो, आम्ही कुंभार्ली घाटातून आमच्याच गाडीने उतरतो. एक गाडी अंगणात असतेच. हेदवीला दोन गाड्या गेल्या तर काहीही बिघडत नाही.

शिवाय एर्टिगाची तिसरी रांग उघडली की मागे सामानाला २०९ लिटरच जागा उरते. सात माणसं बसतील, पण नैवेद्याचे डबे आणि पोरांच्या बॅगा मांडीवर घ्याव्या लागतील. लांबी ४४०० मिलिमीटरच्या आसपास. आपल्या आळीतली ती जांभ्याच्या गडग्यांमधली वाट आठवा. शेवटी वळायला जागा नाही, काकूंच्या अंगणात तोंड घालून मागे घ्यावं लागतं. वॅगन आर ३६५५ मिलिमीटरची आहे, म्हणजे जवळजवळ अडीच फुटांनी आखूड. तिथे रोज संध्याकाळी मान वळवून गाडी मागे घेणाऱ्या माणसाला हा फरक फार मोठा आहे. पैशांचंही बघा. सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला आहे. एर्टिगा लांबीनेही त्यात बसत नाही आणि इंजिननेही नाही, तिच्यावर ४० टक्के आहे. त्यावर आरटीओचा कर वेगळा.

आता आईबद्दल. खरं म्हणजे सगळं पत्र तिच्याबद्दलच आहे.

आई, तू अलोऱ्याच्या कॉलनीत मारुती ८०० शिकलीस. बाबा पोफळीच्या वीजकेंद्रात पाळीवर असले की आम्हाला शाळेत, दवाखान्यात तूच न्यायचीस. मग चिपळुणात आल्यावर गर्दी वाढली, तेव्हाच्या गाडीचा क्लच दगडासारखा, गुडघा दुखायला लागला आणि तू हळूहळू चालवणं सोडून दिलंस. कुणी तुला सोड म्हटलं नव्हतं, पण पुन्हा बस असंही कुणी म्हटलं नाही. बाबांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं आहे. रात्री समोरून दिवे आले की त्यांना त्रास होतो, हे तेही मान्य करतात. म्हणजे घरात गाडी असूनही अंधार पडल्यावर तुम्ही दोघं रिक्षावर अवलंबून आहात.

आणि २२ जुलै २०२१ ची ती पहाट मला विसरता येत नाही. वाशिष्ठीचं पाणी वाढत होतं, गाडी वर हायवेच्या बाजूला नेऊन लावायला थोडा वेळ होता. पण बाबांना ताप होता आणि आई, तुझा हात स्टिअरिंगवरून सुटलेला होता. गाडी गेली ती गेली. माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप राहिली, यापुढे त्या गाडीचं मला काही नाही. पण पुढच्या वेळी किल्ली कुणाच्याही हातात असली तरी गाडी निघाली पाहिजे. घरातल्या दोघांनाही चालवता येईल अशी गाडी, ही माझी पहिली अट आहे. बाकी सगळं तिच्या मागे.

म्हणून क्लच नसलेली गाडीच घ्या. बाबा, तुम्हाला 'ऑटोमॅटिक म्हणजे नाजूक' असं वाटतं. पण या किमतीत मिळते ती एएमटी. तिच्यात गिअरबॉक्स आपला नेहमीचाच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम एक यंत्रणा करते. आपल्याकडे २०१४ साली सेलेरिओमध्ये ती पहिल्यांदा आली, आता मेकॅनिकनाही सवय झाली आहे. गिअर बदलताना क्षणभर गाडी दम घेते, त्याच वेळी ॲक्सिलरेटर किंचित सैल केला की झटका जाणवत नाही. महागाच्या गाड्यांतली सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली ऑटोमॅटिक, याहून मऊ चालते, पण तुमच्या वापराला तेवढे जास्तीचे पैसे घालावेत असं मला वाटत नाही.

घाटाचं मात्र नीट शिकून घ्यायला हवं. कुंभार्ली किंवा परशुराम घाट उतरताना गाडी ऑटोमॅटिकवर सोडायची नाही. मॅन्युअलवर घेऊन दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावर न्यूट्रल तर कधीच नाही. चढावर गाडी थांबवून पुन्हा काढताना ती मागे येऊ नये म्हणून 'हिल होल्ड' लागतो. ज्या मॉडेलचं बोलणं चाललंय त्यात तो आहे का, हे शोरूममध्ये स्पष्ट विचारा.

दुसरी गोष्ट बसण्याची. जाहिरातीत कुणी सांगत नाही, पण तुमच्यासाठी तीच सगळ्यात मोठी. सीट तुमच्या कमरेच्या उंचीला हवी. खाली असली तर गुडघ्यावर भार देऊन उठावं लागतं, फार वर असली तर पाय उचलून चढावं लागतं. डिझायर चांगली गाडी आहे, नव्या डिझायरला ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत पाच तारेही मिळालेत, पण बाबांना तिच्यातून उठताना दाराला धरून यावं लागेल. वॅगन आरमध्ये माणूस खुर्चीत बसल्यासारखा आडवा सरकून बसतो, आणि चिपळुणातल्या निम्म्या ज्येष्ठ मंडळींकडे ती का आहे ते तिथे कळतं. टाटा पंचची दारं थेट नव्वद अंशात उघडतात, त्यामुळे वाकायला लागत नाही, मात्र तिचा उंबरा थोडा उंच आहे. आई, तुझा पाय तिथे सहज पडतो का, हे तुलाच बघावं लागेल. साडी नेसूनच जा, पंजाबी ड्रेसमध्ये बसून काही कळायचं नाही.

या दोघींत माझा कौल पंचला आहे. रस्त्यापासून तिची उंची वॅगन आरपेक्षा दोन सेंटिमीटरने तरी जास्त आहे. हायवेची कामं, पावसाळ्यातले खड्डे, गडग्याजवळचा तो उघडा दगड, हे सगळं तुमच्या रोजच्या वाटेवर आहे. शिवाय २०२१ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत पंचला मोठ्यांच्या सुरक्षिततेसाठी पाच तारे मिळाले, वॅगन आरला २०२३ मध्ये एकच. वॅगन आरला आता सहा एअरबॅग आल्या आहेत हे चांगलंच झालं, पण त्या चाचणीत तिचा सांगाडाही अस्थिर ठरला होता, आणि हायवेवर ट्रकांच्या रांगेतून डेरवणला जाताना मला घरी बसून त्याचा घोर लागेल. रुंदीला मात्र पंच बारा सेंटिमीटर जास्त आहे, तेव्हा आपल्या वाटेतून एकदा प्रत्यक्ष आणून बघा. आणि आईचा पाय उंबऱ्याला अडत असेल तर वाद न घालता वॅगन आर घ्या. जिच्यात आई बसायला कंटाळेल अशी मजबूत गाडी काय कामाची?

सीएनजीचं बाबांनी विचारलं होतं. तुमचं चालणं महिन्याला चारशे किलोमीटरच्या आसपास. त्यात महिन्याला हजारभर रुपये वाचतील, आणि सीएनजीची गाडी लाखाच्या आसपास महाग पडते. ते भरून निघायला आठ वर्षं लागतील. टाकी डिकीतली जागा खाते, ती दर तीन वर्षांनी तपासून घ्यावी लागते आणि पंपावरच्या रांगेत उभं राहायचं ते वेगळंच. पेट्रोलच बरं. विजेवरच्या गाडीचा मोह बाबांना होणार, आयुष्यभर वीज तयार केलेला माणूस आहे. तुमच्या छोट्या फेऱ्यांना ती खरोखर शोभली असती. पण जुलैत वारं सुटलं की आपल्याकडे वीज दोन-दोन दिवस नसते, आणि गाडीची गरज नेमकी त्याच दिवसांत जास्त असते. घरात दुसरी गाडी असती तर मी लगेच हो म्हटलं असतं.

विम्याबद्दल कृपा करून ऐका. शोरूमवाले सांगतील त्याच कंपनीचा विमा घ्यायचं बंधन नाही, दोन ठिकाणचे दर मागवा. पण स्वस्त मिळतोय म्हणून 'इंजिन प्रोटेक्ट' ही विम्याची जोड काढून टाकू नका. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचं इंजिन चालू करायला गेलं आणि आत पाणी शिरून ते निकामी झालं, तर साधा विमा ते नुकसान सहसा देत नाही. चिपळुणात राहणाऱ्याने त्या पैशांत काटकसर करू नये. आणि गाडी पाण्यात सापडलीच तर किल्लीला हात लावायचा नाही, सरळ टोइंगवाल्याला बोलवायचं.

मागे बसणाऱ्यानेही पट्टा लावायचा, आत्या कितीही कुरकुरली तरी. २०२२ साली पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा ते मागेच बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता.

आता कामाचं. आई, तुझं लायसन संपत आलंय. पंचावन्नच्या पुढे ते पाच वर्षांसाठीच मिळतं आणि डॉक्टरांचा १-अ फॉर्म लागतो. मुदत संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते, तेव्हा ते आधी करू. लायसनच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, अर्ज मी इथून भरते.

शनिवारी सकाळपर्यंत मी पोचते. दोन्ही शोरूमना फोन करून टेस्ट ड्राइव्ह सांगून ठेवली आहे, दोन्हीकडे एएमटीच मागितली आहे. समोरच्या सरळ रस्त्यावर एक फेरी मारून ते परत आणतात, तसं चालणार नाही. परशुराम घाटाच्या चढापर्यंत जायचं आणि येताना आपल्या आळीत वळवून बघायचं. बाबा, तुम्ही मागच्या सीटवर बसा आणि गुडघ्याला कसं वाटतं ते मला सांगा. पुढे आई बसेल. पहिले दोन दिवस मी तिच्या शेजारी असेन, सकाळी लवकर गुहागर रस्त्याला गर्दी नसते तेव्हा हात बसवून घेऊ. त्यानंतर शेजारी तुम्ही बसायचं आहे, आणि तिने ब्रेक लावायच्या आधी 'ब्रेक, ब्रेक' म्हणायचं नाही, एवढं माझ्यासाठी करा.

गोळ्या वेळेवर घ्या. येताना चितळ्यांची बाकरवडी आणतेच आहे, आणखी काही हवं असेल तर कळवा.

तुमची लाडकी,
ताई