‘आता पुरे’ म्हणालात, त्याबद्दल

ताई,

आम्हाला ॲलिगेटरचं (हा मगरीचा चुलतभाऊच) पिल्लू दाखवलंत तेव्हा तुमच्या खाकी शर्टावर नाव होतं, पण न विचारता ते इथे लिहीत नाही. तुम्हाला मराठी येत नाही हेही ठाऊक आहे. सूनबाई तुम्हाला तोंडी सांगेल. तरी मुद्दाम आपल्या भाषेत लिहितेय, कारण माझ्यासारखे कितीतरी आजी-आजोबा फ्लोरिडाला मुलांकडे येतात, नातवंडांना घेऊन एव्हरग्लेड्सच्या दलदलीत जातात आणि टमायामी ट्रेलच्या रस्त्यावर ‘पिल्लू हातात घ्या, फोटो काढा’ अशी पाटी दिसली की गाडी वळवतात. आम्हीही वळवलीच होती.

तुमच्याकडे येण्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या एका ठिकाणी गेलो होतो. तिथे ॲलिगेटरचं एकच पिल्लू प्रसादाच्या ताटासारखं रांगेतून या हातातून त्या हातात फिरत होतं. माझ्या नातीची, चिऊची पाळी येईपर्यंत ते निपचित झालेलं. ‘बघा, किती शांत आहे,’ तिथला माणूस म्हणाला आणि मीही मान डोलावली. खोटं कशाला बोलू?

तुमच्याकडे सुरुवातच हात धुण्यापासून झाली. अंगाला चोपडलेलं डासांचं मलम त्याच्या कातडीला लागू नये म्हणून आधी, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असतात म्हणून नंतर पुन्हा. मग तुम्ही ते दीड वितीचं, पिवळ्या पट्ट्यांचं पोर एका हाताने पुढच्या पायांमागे आणि दुसऱ्या हाताने शेपटीखाली धरून माझ्यापुढे आणलंत. मी पालीलाही घाबरणारी बाई! पाठ खरखरीत, पण पोट थंड आणि मऊ, नव्या रेक्झिनच्या पाकिटासारखं. तोंडाला बारीकशी चिकटपट्टी. एवढीशी पट्टी कशी पुरते, असं मुलाने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, जबडा मिटायची ताकद अफाट, पण उघडायचे स्नायू अगदी कमजोर.

चिऊने विचारलं, हा मुलगा का मुलगी? त्यावर तुम्ही सांगितलेलं मी अजून सगळ्यांना सांगत सुटलेय. ते अंड्यात आधीपासून ठरलेलं नसतं, घरट्याच्या उबेवर ठरतं. साधारण ३३ अंशांच्या आसपास बहुतेक नर आणि ३० किंवा त्याखाली माद्या.

आणि नेमकी चिऊची धरायची पाळी आली तेव्हा पिल्लाने अंग फुगवलं आणि फुस्स केलं. तुम्ही तिच्या पसरलेल्या हातांकडे पाहिलंत, पिल्लाकडे पाहिलंत आणि ‘आता पुरे, आज हे दमलं’ म्हणून त्याला सरळ टबात, दिव्याच्या उबेला ठेवून दिलंत. माझा मुलगा चिडला. पैसे भरलेले! मलाही वाईट वाटलं. चिऊचा तर रडवेला चेहरा. तुम्ही पैसे परत करू का विचारलंत, पण पिल्लू काही पुन्हा बाहेर काढलं नाहीत. निपचित पडलेला प्राणी शांतच असतो असं नाही, भीतीनेही थिजतो, हे तेव्हा सांगितलंत. मला कालचं पिल्लू आठवलं.

मग चिऊला मांडीशी बसवून तुम्ही काचेतून त्याच्या जबड्यावरचे काळे ठिपके दाखवलेत. त्या ठिपक्यांना पाण्यातली बारीकशी थरथरही कळते, त्यामुळे काळोखातही भक्ष्य सापडतं. ॲलिगेटरचे ठिपके जबड्यांवरच असतात, खऱ्या मगरीच्या अंगभर. त्या मगरीही इथे, दक्षिण फ्लोरिडात राहतात. दोघं एकत्र रानात सापडतात ती ही एकच जागा. १९६७ साली ॲलिगेटर धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत होता आणि १९८७ साली त्यातून बाहेर पडला, हेही तिथेच कळलं. हातात धरून यातलं काय कळलं असतं, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी शार्क व्हॅलीला गेलो. तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग, तिथे कशालाच हात लावायचा नाही. रस्त्याकडेच्या पाण्यात एक आई उन्हाला पडलेली, पाठीवर पाच-सहा पिवळे पट्टे. पिल्लं बारीक आवाजात ‘इक् इक्’ करत होती. एक गृहस्थ फोन घेऊन पुढे सरकायला लागले तशी चिऊने माझा पदर ओढला.

‘आजी, १५ फूट लांब राहायचं असतं. १५ फूट म्हणजे किती गं?’

मी हिशेब केला. तीन फुटांचा एक वार, म्हणजे पाच वार. ‘माझ्या साडीएवढं,’ मी म्हटलं. चिऊ पावलं मोजत मागे गेली, आम्हालाही तिने मागे ओढलं, आणि एक पाचवारी अंतर राखून आम्ही पाऊण तास बघत उभे होतो. ते गृहस्थही शेवटी आमच्या रांगेत आले.

आपली,
चिऊची आजी