लंब्यास पत्र

कोल्हापूर,
खंडेनवमी, २०१९

प्रिय लंब्या,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "पुरातून ट्रंका वाचल्या का?" आणि दोन्ही वेळा मी पाण्याच्या फुटांवरच बोलत राहिलो. आपल्याकडं ते सोपं पडतं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका आणि यंदा पाणी ५५ च्याही वर, एवढं सांगितलं की समोरचा गप्प होतो. आज नीट सांगतो.

ग्रामोफोनच्या तबकड्या वाचल्या, बऱ्याचशा. नावं गेली.

दोन्ही ट्रंका मी पलंगावर चढवल्या होत्या. २००५ चं पाणी आमच्या उंबऱ्याशी थांबलेलं, त्या हिशेबानं पलंग म्हणजे पन्हाळाच! पाणी ओसरल्यावर आत शिरलो तर पलंगच तरंगून कलंडलेला. २१४ पैकी ३१ फुटल्या. बाकीच्यांच्या पाकिटांचा लगदा झाला होता आणि लेबलं भिजून सुटली होती. एक तबकडी उचलली तर फोनोपुढं बसलेला कुत्रा माझ्या अंगठ्याला चिकटून आला, तबकडी कोरी. तबकडीच्या लाखेत उमटवलेला नंबर तेवढा राहतो, पण कुठल्या नंबराला कुठलं गाणं हे लिहिलेली बाबांची वही आता निळ्या शाईचा डाग आहे.

पुतण्या मदतीला आला तो स्पिरिटची बाटली घेऊनच. मी असा ओरडलो की शेजारचे बाहेर आले. अरे, लाख स्पिरिटमध्येच विरघळवून सुतार फर्निचरला पॉलिश मारतो! आणखी दोन मिनिटं गेली असती तर सगळं गाणं बोळ्यावर आलं असतं. मग साध्या पाण्यात साबणाचा थेंब, मलमलीचं फडकं आणि सावलीत वाळवण. उन्हात ठेवलं की तबकडीचा पापड होतो. आठवडाभर आमच्या जिन्यावर पायरीपायरीला केसरबाई, मोगूबाई वाळत होत्या. कुठली कोण, ते मात्र कळत नव्हतं.

बाबा गाण्याच्या देवल क्लबावरून जाताना काय म्हणायचे, आठवतं? "खाँसाहेबांचा एक सूर कुणी धरून ठेवला नाही." शाहू महाराजांच्या दरबारचे गवई अल्लादियाखाँ १९४६ पर्यंत होते, फोनोचा जमाना होता, तरी त्यांची एकही तबकडी नाही. त्यांचं गाणं ऐकायचं तर त्यांच्या शिष्या केसरबाईंच्या तीन-साडेतीन मिनिटांत कान लावून शोधायचं. बाबा तेच करायचे. मला तो नाद त्यांच्याकडून लागला. लोक देव्हाऱ्यापुढं बसतात तसा मी त्या फोनोच्या पेटीपुढं बसायचो, हे तू पाहिलंयस. त्यावर हसलायसही.

सप्टेंबरात वाजवून ओळखायला बसलो. दर बाजूला नवी सुई, बाबांचा नियम. काही आलापातच ओळखू आल्या. कितीतरी नुसत्या चिखलासारख्या खरखरल्या. तिसऱ्या दिवशी एक लावली, आवाज इतका बुडालेला की बाई गातायत की बुवा तेही कळेना. उचलणार एवढ्यात टक्. टक्. टक्. दहा-बारा फेऱ्या, आणि पुढं साफ.

भैरवी होती, लेका. तुझी भैरवी.

सातवीच्या सुट्टीत तू सुई बसवलेला साऊंडबॉक्स हातानं मागं ओढायला गेलास आणि सुई घसरून तबकडीवर चरा पडला. मी दोन महिने तुझ्याशी बोललो नव्हतो. बाबा रागावले नाहीत याचा तर मला जास्त राग आला होता. नंतर बोलायला लागलो, पण खरं सांगतो, ती लावली की त्या जागी दरवेळी तुला एक शिवी हासडायचो. मनातल्या मनात, बाबांपुढं दुसरं काय करणार! परवा मात्र तिथं सुई उचलून पुन्हा लावली. तीनदा. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "खराब झाली का ती?"

पुतण्यानं मोबाईलवर तीच भैरवी काढून दिली. स्वच्छ, एक खर नाही. मी ऐकत होतो आणि ती जागा आली तसा टक्-टक्ची वाट बघत बसलो. गाणं पुढं निघून गेलं. तीच भैरवी १९७७ साली अंतराळात सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांतल्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर गेली. मागाहून सुटलेलं यान गेल्यावर अकराच दिवसांनी केसरबाई गेल्या. त्या लोकांनी तबकडीबरोबर सुईसुद्धा दिलीय म्हणे. शहाणी माणसं. पण त्यांच्याही प्रतीत तू नाहीस.

आज शस्त्रपूजेला कात्री, अडकित्ता आणि साऊंडबॉक्स मांडला. झेंडूचं फूल कर्ण्यात पडलं, ते काढायला अर्धा तास गेला.

१८३ पैकी १४० ओळखल्या. उरलेल्यांत दोन नाट्यपदं अशी आहेत की आपण दोघं ती तोंडपाठ म्हणायचो एवढं आठवतं, शब्द आठवत नाहीत. दिवाळीला ये. वहिनींनाही आण. आणि तिकडच्या जुन्या बाजारात स्टीलच्या सुया दिसल्या तर दोन डब्या घे, इथल्या संपल्या.

साऊंडबॉक्सला हात लावायचा नाही.

तुझा,
जाड्या