सिस्टर, तुम्ही थांबलात त्याबद्दल

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, ओपीडीत पेशंटशी बोलण्याआधी स्वतःची खुर्ची त्याच्याजवळ ओढून घेणाऱ्या त्या तुम्ही, एवढी ओळख पुरे. बाबांना जाऊन अजून महिनाही झालेला नाही. तेराव्याला आणलेली भांडी शेजारी परत द्यायची राहिली आहेत, पण आधी हे पत्र.

बाबांचा फुफ्फुसाचा कॅन्सर कळला तेव्हाच चौथ्या स्टेजला होता. त्याचं दुःख आहे, तक्रार नाही. तक्रार आहे ती त्यानंतरच्या महिन्यांबद्दल. रोज पहाटे पर्वती चढणारे, आकाशवाणी पुण्याच्या बातम्या लागल्या की घरात कुणाला बोलू न देणारे बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले. आम्ही रेडिओ लावला की हात लांबवून बंद करायचे. आधीच्या हॉस्पिटलात मी हे दर खेपेला सांगत होते. एक डॉक्टर स्कॅनवरून नजर न काढता म्हणाले, "एवढा आजार आहे, उदास वाटणारच." दुसऱ्यांनी सांगितलं, "घरातलं वातावरण पॉझिटिव्ह ठेवा." हिमोग्लोबिन, प्लेटलेट, क्रिएटिनिन, सगळं वेळच्या वेळी मोजलं गेलं. बाबांना काय वाटतंय हे बाबांना कुणी विचारलं नाही. मला त्याचा अजून राग आहे.

तुमच्याकडे नैराश्य ओळखण्यासाठीचा नऊ प्रश्नांचा मराठीतला कागद होता. गेल्या दोन आठवड्यांत कशात रस वाटला का, हा त्यातला पहिलाच प्रश्न. तुम्ही तो वाचून दाखवला नाहीत. आमच्याकडून रेडिओचं ऐकलं होतंत, म्हणून विचारलंत, "काका, सकाळच्या बातम्या ऐकता का हो अजून?" बाबा गप्प. आई त्यांच्या वतीने सांगू लागली, तर तिच्या मनगटावर तुम्ही नुसता हात ठेवलात. मग पेनाला टोपण लावलंत, पेन खिशात ठेवलंत आणि बसून राहिलात. बाहेर नंबर पुकारले जात होते, दारातून दोनदा कुणीतरी डोकावून गेलं. तुम्ही मान वळवली नाहीत.

बऱ्याच वेळाने बाबा म्हणाले, "कशासाठी ऐकायच्या?" आणि मग बोलतच गेले. माझ्यापायी पोरीचे पैसे चाललेत, हिला रात्रभर जागवतो, सकाळी जाग आली की वाटतं, कशाला आली. इतक्या महिन्यांत यातलं अवाक्षर त्यांनी काढलं नव्हतं. "असं बोलू नये काका" असं तुम्ही म्हणाला नाहीत. तुम्ही म्हणालात, "बरं झालं सांगितलंत. कधीपासून वाटतंय असं?"

नंतर तुमच्या डॉक्टरांनी समजावलं की भूक, झोप, थकवा यांवरून अशा पेशंटचं नैराश्य ओळखणं अवघड असतं, कारण ते सगळं कॅन्सरनेही होतं आणि औषधांनीही. आपण ओझं झालोय, आता कशातच अर्थ नाही, कशाचाच आनंद नाही, हे बोलणं ऐकावं लागतं. आणि कॅन्सर बरा होणार नसला तरी नैराश्यावर उपचार करता येतात. पुढे मी वाचलं की २०११ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा पॅलिएटिव्ह केअरमधल्या साधारण सहापैकी एका रुग्णाला नैराश्य असल्याचं दिसलं. तुमच्या ओपीडीतल्या एका बाकावर सहा माणसं सहज बसतात.

रात्रीची एक गोळी, समुपदेशक ताईंशी बोलणं, दुखण्याच्या औषधात बदल. कॅन्सर तसूभर हटला नाही. पण काही आठवड्यांनी बाबांनी रेडिओचा आवाज वाढवायला सांगितला. चहात आलं नाही म्हणून मला ओरडले. वाईच्या काकांना फोन लावून जुनं भांडण मिटवलं. आईसमोर मोकळेपणाने रडले. मधले काही दिवस पुन्हा भिंतीकडे तोंड असायचं, नाही असं नाही, पण मग दुसऱ्या दिवशी स्वतःच सांगायचे, "काल जड गेलं."

पेशंटची गर्दी असते, वेळ कुठून आणायचा, असं आता मला कुणी सांगू नये. तुमच्या दाराबाहेरही तेवढीच रांग होती. चांगुलपणा अशाच घाईत असलेल्या माणसांकडून मिळाला आम्हाला. रिक्षावाल्यांना नावं ठेवायची आपल्या पुण्याची सवयच, पण बाबांच्या पाठीमागची उशी बघून सिंहगड रोडवरचा प्रत्येक स्पीडब्रेकर न सांगता हळू ओलांडणारा रिक्षावालाच होता. त्याचेही आभार मानायचे राहून गेले.

हे पत्र तुमच्या मेट्रनबाईंना जरूर दाखवा. तो कागद प्रत्येक कॅन्सर वॉर्डात असावा आणि तो विचारणाऱ्या माणसाला बसायला वेळ मिळावा, एवढंच त्यांना सांगायचंय. आणि आईला तुम्हाला भेटायचंय. तुम्ही काही घेत नाही हे सांगून पाहिलं, ती ऐकत नाही. नारळ आणून ठेवलाय वड्यांसाठी. या आठवड्यात तुमची ड्युटी कोणत्या वारी आहे तेवढं कळवा.

तुमची,
रेडिओवाल्या काकांची मुलगी